आईच्या दुरडीतली चानकी

माज्या नवऱ्याला हे ठाऊक न्हाई. सासूला न्हाई. शेजारच्या रेखाला न्हाई, जिला मी पोटातलं समदं सांगते. येकदा लेकीच्या कानात सांगाया बसले — ओवी तिचं नाव, दीड वर्षाची झाली आता — तर तिनं माजं नाक धरलं आन् हसाया लागली. मंग र्‍हायलं ते. तुमाला सांगते. तुमी मला वळखत न्हाई, ते बरं हाये. नववीपतूर शाळा झाली माजी, लिवताना हात अडतो, पन सांगायचं तर येकच शबूद हाये. येकच. त्येच्यापतूर पोचायला मला येळ लागंल.

माजं माहेर कार्ल्याच्या खालच्या अंगाला. बाप मी ल्हान असतानाच गेला, आई आन् मी, दोगीच. भाताचं येक खाचर, चूल, आन् दारात येक शेवगा. मी नववीला नापास झाले तवा आई म्हनली परत बस. मी बसले न्हाई. येकोनीस पुरं झालं आन् मी सागरबरोबर निघून गेले — तो टेम्पो चालवतो, चाकनला. आई भात कापाया गेलती. मी चुलीवर आधन ठिवून, तांदूळ टाकून निघाले. म्हंजे ती आली आसंल तवा भात करपलेला आन् घरात कोन न्हाई. वास पयला आला आसंल, मी न्हाई हे मागनं कळलं आसंल. ह्ये मी लय येळा मनात बगितलंय.

दोन वर्सं आई बोलली न्हाई. ओवी झाली तवा कुनाकडनं तरी नंबर घिऊन तिचाच फोन आला. मी रडाया लागले, ती न्हाई रडली. म्हनली, "पोरगी झाली व्हय? मंग आन की दारात. भाकरतुकडा ववाळून टाकते, मंग काय ते भांडू."

आमच्याकडं लांबनं कोन आलं, बाळंतीन आली, की उंबऱ्याच्या आत घ्यायच्या आधी भाकरीचा तुकडा आन् पानी ववाळून बाहेर टाकत्यात. मंगच पाय आत. आईनं फोनवर तेवढंच मागितलं माज्याकडं. आन् मी काय सांगावं? — सुट्टी न्हाई म्हनले. कंपनीत लागलेय म्हनले, खुर्चीवर बसून काम हाये, काँप्युटर हाये.  आई म्हनली, "बसून हाये ना? मंग बरं हाये." तिला इतकं बरं वाटलं की मला ते माघारी घेता आलं न्हाई.

मी केटरिंगवाल्याकडं भांडी घासते. तवाबी घासत व्हते.

गेल्या थंडीत आमच्या मुकादमानं इचारलं, लोनावळ्याला बंगल्यावर आठवड्याचं काम हाये, कोन येतंय, तान्हं लेकरू चालनार न्हाई. त्याचं बोलनं पुरं व्हायच्या आधी मी व्हय म्हनले. सासू म्हनली, नऊ मयन्याचं पोर टाकून जाती व्हय? पन पैका लागत व्हता, तिनं ठिवून घेतलं. मी पैक्यासाठी गेले न्हाई, खरं सांगते. मला नुसतं लोनावळा ऐकू आलं. सकाळचं धुकं, चिक्कीच्या दुकानाचा गुळाचा वास, शेतात पेटवल्याल्या पेंढ्याचा धूर — मी चाकनला रात्रंदिस पत्र्याच्या खोलीत बसून ह्ये असलं आठवायची. वाटलं, येक दुपार मोकळी मिळंल, रिक्षानं जाईन, दारात हुबी राहीन.

पन ओवीला सोडून? पाजती बाई लेकराबिगर माहेरी आली तर आई पयलं काय इचारनार? आन् अंगात काय, तर केटरिंगचा चॉकलेटी टीशर्ट. खुर्चीवर बसनारी पोरगी. सोमवारी वाटलं मंगळवारी जाईन. मंगळवारी वाटलं बुधवारी.

बंगला वळवनच्या बाजूला. कुटल्या तरी कंपनीची तीस मानसं आल्ती, तिबी कामालाच. दिवसभर लॅपटॉप उघडून बसायची, शाली पांघरून, आन् थंडी किती छान हाये म्हनायची. आमी आठजनी. टोपी, तोंडाला काळा मास्क, हातात पन्नीचे मोजे — आमच्या केटरिंगच्या शीतल मॅडमचा नियम कडक. त्या मास्कमुळं तर वाचले मी. का मेले — काय म्हनू?

दूध भरून यायचं. पयल्या दिवशी दहालाच छाती दगडासारखी झाली. आई म्हनायची, अंगावरचं दूध मोरीत सांडू नये, झाडाच्या बुडाला वतावं. बंगल्याच्या मागं जांभूळ व्हतं. मी वाटीत काढायची आन् तितं नेऊन वतायची. धुकं उठलं की त्या झाडापासनं कार्ल्याचा डोंगर दिसायचा. त्याच्या खाली आमचं घर. म्हंजे दिसायचं न्हाई, पन मला ठाऊक हाये ना कुटं हाये ते. हितं मी दूध मातीत घालतेय, तितं आई चुलीपुढं, आन् लेक तिसरीकडंच बाटलीनं म्हशीचं पितेय. तिघी तीन दिशांना. वाटी रिकामी झाली तरी मी हुबीच राहायची, मंग आचारी वरडायचा.

त्या मानसांना दुपारच्या जेवनाला गावाकडचं पायजे व्हतं. पिठलं, ठेचा आन् तांदळाची भाकर. भाकऱ्या आमी करत नव्हतो, त्या गावातल्या कुन्या बाईकडनं रिक्षानं यायच्या, चाळीस. आचाऱ्यानं सोमवारी मला सांगितलं, दुरडी आली की मोजून घे आन् गरम ठेव.

बाराला वॉचमननं दुरडी आनून ठिवली. वर कापड बांधल्यालं. निळ्या चौकड्याचं.

माज्या शाळेच्या ड्रेसचं कापड व्हतं ते.

मी सोडलं. वाफ आली तोंडावर. पयल्याच भाकरीवर तीन बोटांचा ठसा — आई भाकर तव्यात टाकली की वर पानी फिरवते, आन् तीन बोटं हलकी दाबते, का ते तिलाबी ठाऊक न्हाई, तिची आई तसं करायची. आन् समद्यांच्या वर येक चानकी. चानकी म्हंजे शेवटच्या उरल्याल्या पिठाची ल्हान भाकर, लेकरासाठी करत्यात. तळहातायेवढी. ल्हानपनी ती माजीच असायची. आई आता धंद्याच्या दुरडीतबी वर येक टाकत व्हती, मोजनीच्या बाहेरची — ज्या घरात भाकरी जातील तितं येखादं लेकरू आसंल म्हनून.

मी मोजल्या. चाळीस, आन् चानकी. चानकी टीशर्टमधी घातली आन् जांभळाखाली जाऊन खाल्ली.  

मागितली असती तर मॅडमनी येक भाकर दिली असती मला. तेवढ्या काय वाईट न्हाईत त्या. पन मागायचं तर का ते सांगायला पायजे. म्हनून मंगळवारी चानकी घेतली आन् खालची येक घेतली. बुधवारी दोन. येक खायला, येक पिशवीत — ओवीला दात येत व्हते, वाटलं आजीच्या हातची भाकर दुधात कुस्करून तिच्या तोंडाला लावावी. दारात न्हेता येत न्हाई तर दारातलं काय तरी तिच्यापतूर न्यावं.

बुधवारीच आईचा फोन आला. मी झाडाखाली, तोंडात तिचीच भाकर.

"कुटंयस गं?"

"कंपनीत."

"काय खाती?"

"डबा."

"सावकाश खा. ऐक, मला मोठी आर्डर मिळाली. चाळीस भाकऱ्या, रोज. बंगल्यावर. चाकनचीच मानसं हायेत म्हनं, तुज्या वळखीची न्हाईत ना कोन?"

"चाकन लय मोठं हाये आई."

"व्हय, ते बी हायेच. त्यांना आवडल्या तर म्होरं बाकीच्या बंगल्यांचंबी काम देत्याल म्हनला बबनभाऊ. मंग पत्रा टाकीन पडवीला. तू आलीस की बाळाला खेळायला जागा नको?" मंग नेहमीचंच इचारलं, "कवा येती?"

बबनभाऊ म्हंजे तो रिक्षावाला. पडवी माज्या लेकीसाठी. आन् मी तिच्यापासनं रिक्षानं पंधरा मिंटावर हुबी राहून सुट्टी न्हाई म्हनले.

गुरुवारी मी चार घेतल्या. चार. का घेतल्या इतक्या? रविवारी जायचं व्हतं, पिशवीत भरून न्यायच्या व्हत्या, वाळल्या तरी चालत्यात म्हनून — मला काय ठाऊक. हात जात व्हता. त्या दिवशी नेमकी मानसं भुकेली व्हती, भाकऱ्या सरल्या, येक साहेब रिकामं ताट घिऊन आत आला आन् हसत म्हनला, आमच्या वाटणीचं कोनी खाल्लं का? आचारी माज्यावर खेकसला. मॅडम आल्या. रागानं न्हाई, सरळ इचारलं त्यांनी.

"किती आल्या होत्या आज?"

हितं हाये तो शबूद. हितं थांबता आलं असतं मला. मी घेतल्या म्हनता आलं असतं, लय तर शिव्या खाल्ल्या असत्या, घरी धाडलं असतं. चाळीस म्हनता आलं असतं, मंग शोधल्या असत्या त्यांनी. पिशवी खुंटीला व्हती. मी पिशवीकडं बगितलं. ओवी आठवली, मुकादम आठवला, काम गेलं तर सागर काय म्हनंल ते आठवलं. भ्या वाटलं.

मी म्हनले, "छत्तीस."

मॅडम म्हनल्या, "आणि आधी?"

मी म्हनले, "कमीच असत्यात."

तेबी म्हनले. बगा. ते कोनी माज्या तोंडातनं काढून घेतलं न्हाई.

शुक्रवारी दुरडीबरोबर आई आली.

मागच्या दारानं. मी भांड्यांपाशी, दारापासनं चार पावलांवर. तीन वर्सांनी बगितली मी तिला. केस समोरनं पांढरे झालेते. लुगडं तेच, हिरवं, लगनाकार्याचं — बंगल्यावर यायचं म्हनून नेसलेली. मी मान खाली घातली. टोपी, मास्क, मोजे. कोन वळखनार?

"म्याडम," आई म्हनली, "माजी कदी येक भाकर कमी गेली न्हाई. बबनभाऊनं निरोप दिला, मी रातभर झोपले न्हाई. आता तुमच्या म्होरं मोजते."

आन् ती खाली बसून मोजाया लागली. "लाभ, दोन, तीन…"

शीतल मॅडमना हसू आलं. "मावशी, एक कुठं गेली?"

"पयल्या मापाला येक म्हनत न्हाईत बाई, लाभ म्हनत्यात. आमच्यात धान्य मोजताना तसंच अस्तंय."

"मग तिथंच घोळ होत असेल तुमचा," आचारी म्हनला. समदे हसले. माज्याबरोबरच्या पोरी हसल्या. मी हसले न्हाई — पन मास्क व्हता, कुनाला दिसनार व्हतं?

चाळीस भरल्या. वर चानकी. आई उठली, गुडघ्यावर हात ठिवून. म्हनली, "आज चाळीस, तसंच रोज. मंग काल छत्तीस कोन म्हनलं?"

मॅडमनी माज्याकडं बोट केलं. "ही मुलगी मोजून घेते रोज."

आई माज्याम्होरं आली. "तू मोजल्यास का गं पोरी?"

तिचा आवाज. हातभरावरनं. मी कशी बोलू, माजा आवाज तिनं वळखला असता. मी नुसती मान हलवली. व्हय. मोजल्या. छत्तीस. आन् तेवढ्यात — ह्ये मी कसं सांगू — तिचा आवाज ऐकला आन् अंगात कळ आली, आन् दूध सुटलं. थांबतंय का ते? टीशर्ट भिजला, दोनी बाजूंनी, काळा पडला. मी हात आडवे घेतले. उशीर झालता.

आईनं बगितलं. आधी भिजल्यालं बगितलं. मंग पन्नीच्या मोज्यातले हात बगितले. डावा हात — नववीत असताना भाकर शिकताना तव्यानं भाजल्याला, मनगटाला डाग हाये — तो मी फडक्याखाली घातला. आधी घातला का नंतर, आता आठवत न्हाई. डोळ्याला डोळा मी दिला न्हाई.

  भांडायला आल्ती ती, लुगडं नेसून आल्ती. मंग मॅडमकडं वळली आन् म्हनली, "माजंच चुकलं आसंल बाई. डोळ्याला कमी दिसतंय हल्ली. मोजायला चुकले आसंल."

मॅडम म्हनल्या, "बघा, आता कसं बोललात."

"व्हय. आन् ह्या पोरीला जरा बसू द्या. लेकरू तान्हं दिसतंय हिचं, अंग भरून आलंय."

जाताना तिनं दुरडीवरची चानकी उचलली आन् माज्या हातावर ठिवली. मोज्यावरनं गरम लागली. "खा," म्हनली. "पाजनारीनं उपाशी ऱ्हाऊ नये."

आन् गेली. रिक्षा वळली त्याचा आवाज आला. चार पावलं व्हती. मी पळाले न्हाई. मास्क खाली केला न्हाई. आई म्हनून हाक मारली न्हाई. चानकी हातात घिऊन हुबी राहिले, आन् मंग नळ सोडला आन् ताटं घासाया घेतली.

तिनं मला वळखलं का? मी लय इचार केला. वळखलं असतं तर माजी मान धरली नसती का तिनं, अशी कशी सोडून जाईल, भांडखोर बाई हाये माजी आई. आन् वळखलं नसंल तर — तर मंग येका परक्या चोर पोरीसाठी तिनं आपलं नाव घालवलं, नुसतं तिचं अंग भिजलं म्हनून. ह्यातलं कुटलं बरं? मला दोनी नको वाटत्यात.

शनिवारी मशीनच्या भाकऱ्या आल्या, पन्नीत. बबनभाऊनं बाकीच्या बंगल्यांनाबी दुसरी बाई लावून दिली. गावात बायका आईला इचारायच्या म्हनं, काय गं, लाभ झाला का. ह्ये मला मागनं तिथल्या येका मैत्रिनीकडनं कळलं. पडवीला पत्रा पडला न्हाई. आई आता हायवेच्या हाटेलात जाते. भांडी घासाया. तिनं आयुष्यात दुसऱ्याचं उष्टं काढलं नव्हतं.

रविवारी चाकनला आले. ओवी आधी सासूच्या पदरामागं गेली, मंग वळखलं आन् झोंबली. पिशवीतल्या भाकऱ्या कडक झालेल्या. दुधात भिजवल्या, तिला भरवल्या. आवडल्या तिला. आठ दिवस पुरल्या.

त्याच दिवशी आईचा फोन आला. तिनं सांगितलं, आर्डर सुटली, म्हनली, "मोजायला चुकले गं मी. वय झालं."  तवा तरी सांगता आलं असतं. तितं मॅडम नव्हत्या, मुकादम नव्हता. नुसती आई आन् मी.

मी म्हनले, "डोळं तपासून घे की आई."

ती म्हनली, "व्हय. घेते." मंग इचारलं, "दूध येळेवर पाजती ना तिला?"

"पाजते."

"पाज. कामाच्या नादात उपाशी ठिवू नको तिला."

आन् फोन ठिवला. कवा येती, ते इचारलं न्हाई तिनं. तवापासनं येकदाबी इचारलं न्हाई. दर रविवारी फोन येतो, ओवीचं इचारते, थंडीचं इचारते, सागरचं बी इचारते आता. ते येक तेवढं न्हाई.

शुक्रवारची ती चानकी मी खाल्ली न्हाई. फेकलीबी न्हाई. जांभळाच्या बुडाला ठिवली, जितं दूध वतायची तितं.

परत थंडी पडली. चाकनला धुकं पडत न्हाई तसलं. मी सकाळी भाकर टाकते, पानी फिरवते, आन् माजी तीन बोटं आपोआप खाली जात्यात. शेवटच्या पिठाची ओवीला चानकी करते. ती दोनी हातात धरून खाते, सगळं अंग माखून घेते.

छत्तीस नव्हत्या. चाळीस व्हत्या, रोज चाळीस. आन् वर येक चानकी.